पहिलं घड्याळ

“ताई! हे काय करतेयस तू?”

दारातून धाकटीचा आवाज आला आणि संगणकावर चाललेली ताईची बोटं जागच्या जागी थिजली! सराव परीक्षा संपल्यावर मैत्रिणींबरोबर रेंगाळणारी ही पोर आज भर दुपारीच परत कशी? पडद्यावर धाकटीने सकाळी लिहिलेला प्रोग्राम होता आणि त्यातली चूक ताई नेहमीसारखी गुपचूप दुरुस्त करत होती. आज ती रंगेहाथ सापडली!

आई गेली तेव्हा ताईने संगणकाचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं, कुरियरच्या कचेरीत पत्ते टाइप करायची सकाळच्या पाळीची नोकरी धरली आणि आपलं सगळं स्वप्न धाकटीच्या ओंजळीत टाकलं. या पोरीने जन्मभर हेच काम करावं, एवढा एकच ध्यास! धाकटी सकाळी घाईघाईने प्रोग्राम लिहून जायची, चालवून बघायची संध्याकाळी. चुकला की तिला रडू यायचं, म्हणून मधल्या वेळात ताई चूक काढून टाकायची. मग प्रोग्राम सुरळीत चालायचा, धाकटी घरभर नाचायची... आणि त्या नाचण्यावर ताई जगायची.

“आज माझा एकही प्रोग्राम चालला नाही,” धाकटीने दप्तर खाली आपटलं. “मला वाटलं, संगणक संस्थेतला संगणकच बिघडलाय! सरांशी भांडले मी! सगळे हसले गं... उद्या तिथल्या प्रवेशाची खरी निवड परीक्षा, आणि मला माझीच चूक शोधता येत नाही. तू ती कधी दिसूच दिली नाहीस!”

“तुला रडू यायचं गं, राणी...”

“मग रडू द्यायचंस!”

ताईच्या काळजात चर्र झालं. जिच्यासाठी सर्वस्व वेचलं, तिचेच हात आपण पांगळे केले! पदर डोळ्यांना लावून ती हुंदके देऊ लागली. तिला तसं पाहून धाकटीचाही राग विरघळला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

खिडकीशी दुरुस्तीला आलेलं घड्याळ उघडून बसलेल्या बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. “पण चूक होती तरी काय?”

“ही मोजणी एकपासून सुरू करते, बाबा. संगणक शून्यापासून मोजतो. म्हणून यादीतलं पहिलंच नाव गळतं.”

“शून्यापासून? माझ्या या घड्याळात शून्यच नाही! पोरीचं काय चुकलं?”

“बघा! ताईने पुन्हा उत्तर सांगून टाकलं!” धाकटी किंचाळली आणि तिघांनाही हसू आवरेना.

मग दुपारभर ताई स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली! नवा प्रोग्राम अडला. धाकटी रडली, नाक पुसून पुन्हा ओळ न् ओळ वाचू लागली. ताईला चूक केव्हाच दिसली होती. सांगण्यासाठी जीव नुसता तुटत होता... पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

“सापडली! ताई, माझी मला सापडली!” त्या आरोळीने शेजारचं कुत्रंसुद्धा भुंकायला लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटी धावतच घरात शिरली. निवड झाली होती! तिने ताईला गरागरा फिरवलं आणि तशीच धापा टाकत संगणकापुढच्या खुर्चीत बसवलं. “संस्थेत संध्याकाळचे वर्गही असतात. वयाची अट नाही, मी विचारून आलेय. अर्धं सोडलंस ना? आता पुरं कर. आत्ता, माझ्यासमोर काहीतरी लिही!”

“वेडी आहेस का गं...” म्हणता म्हणता ताईची बोटं चालायला लागलीसुद्धा! दुरुस्तीला आलेल्या घड्याळांची यादी दाखवणारा छोटासा प्रोग्राम. कितीतरी वर्षांनी तिचा स्वतःचा! पडद्यावर यादी झरझर उमटली.

बाबा पुढे वाकले. “अगं, माझं पहिलं घड्याळ कुठे गेलं?”

धाकटी फस्सकन हसली. तिचा हात कीबोर्डकडे झेपावला. पण ताईने त्यावर हलकीच चापट मारली. तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा मात्र आनंदाने नुसता उजळला होता.

“हात लावू नकोस! ही माझी चूक आहे... मलाच सापडू दे!”