लॉर्ड हेक्टरची बादली

या, विस्तवाजवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते. खोटी वाटली तर खुशाल उठून जा, पण देवाला स्मरून सांगते, ही घडलेली आहे.

जिच्यावर गुदरली ती बेहाक. माझ्या आईची मावशी.

साल अठराशे त्रेपन्न. नोव्हेंबरातली संध्याकाळ. स्कॉटलंडच्या डोंगरांतली आमची आर्दानची दरी.

दरी कसली, मेंढवाडाच झाला होता.

आमच्या लॉर्ड हेक्टरला माणसांपेक्षा मेंढ्या बऱ्या वाटल्या. त्याने घरांची छपरं पेटवली, कुळं कॅनडाच्या जहाजात कोंबली आणि गढीत बसून मटणावर ताव मारला. असा हा थोर घराण्यातला माणूस! भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या तसबिरी, पण लाज एकाही पिढीची अंगात उतरली नव्हती.

बेहाकचा नवरा फिनला चर्चमध्ये स्तोत्रं सांगायचा. तो एक ओळ गायचा, मागून सारी मंडळी ती उचलायची. काय ती झील! ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप मिटायचे. घर जळालं तेव्हा पावसात भिजून तो आजारी पडला आणि गेला. त्याला पुरलं, आणि जहाज सुटलं.

आता आमच्याकडची समजूत ऐका. कबरस्तानात जो शेवटचा जाईल, त्याने फाटकावर पहारा द्यायचा. आतल्या सगळ्यांना ओढ्याचं पाणी आणून द्यायचं. पुढची तिरडी येईपर्यंत सुटका नाही.

पण पुढची तिरडी येणार कुठून? गावच उरलं नव्हतं.

म्हणून बेहाक जहाजात चढली नाही. फिनलाला एकटं टाकून जाववेना. गढीत लॉर्डचे कपडे धूत राहिली. रोज दिवेलागणीला तिला ऐकू यायचं...

फाटकाकडून एक ओळ.

मग शांतता. झील धरायला कुणी नाही.

बेहाक हातातलं धुणं ठेवून हळूच ती ओळ उचलायची.

अशी तीस वर्षं गेली. मग लॉर्ड हेक्टर मेला. संगमरवरी थडगं, वर सिंह. पुरायला मात्र भाड्याचे खांदेकरी आणावे लागले.

तीच ती त्रेपन्नच्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. बेहाक कान देऊन उभी राहिली.

ओळ आली नाही.

फिनला सुटला! ती धुण्याच्या दगडावर बसली, शालीच्या टोकाने डोळे पुसले, देवाचे आभार मानले.

आणि तेवढ्यात...

कर्र... कर्र...

बादलीची कडी.

ओढ्याकडून फाटकाकडे. मध्येच थांबायची, धाप लागल्यासारखी. मग एक खोकला... घशात तंबाखू अडकलेला. तो खोकला ती झोपेतही ओळखायची.

सकाळी पाहिलं तर साऱ्या कबरी ओल्या. ज्यांची घरं जाळली त्यांची एकही सुटली नव्हती.

मुलगा रनल्ड, नवा लॉर्ड, त्यालाही ऐकू यायचं. बापाने कुळांचं पाणी भरायचं? घराण्याचं नाक गेलं! त्याने डोकं लढवलं. बक्षीस मिळवलेला एक मेंढा मारला, चांगल्या पेटीत घातला आणि बापाच्या मागून पुरला. म्हणजे पहारा मेंढ्याकडे!

संध्याकाळी पुन्हा... कर्र... कर्र...

तेव्हा रनल्डची स्वारी धुण्याच्या खोलीत आली.

"म्हातारे, बरीच खोकतेस."

"ओल बाधली, लॉर्डसाहेब. सदरे तुमचेच होते."

"आता धुणं बंद. बसून खा. आणि वेळ आली की फिनलाशेजारची जागा तुझी. दगडसुद्धा मी कोरून देतो."

त्या जागेसाठीच तर ती इतकी वर्षं इथे कुढत राहिली होती.

"म्हणजे मी आत गेले की थोरले मोकळे?"

रनल्ड छताकडे पाहू लागला.

"आणि तुमच्या मेंढ्याचं काय झालं?"

"तो... पहाऱ्याला उभा राहत नाही."

"कसा राहील? मेंढ्यांची राखण माणसं करतात, बाळा. चार ठेवायची होतीत."

त्या रात्री ती देवापुढे बसली. फिनलाशेजारी निजून थोरल्या लॉर्डला सोडवायचं, की ती जागाच सोडून जायचं? उजाडेपर्यंत ठरलं. देवाने ज्याला कामाला लावलंय, त्याला सुट्टी देणारी मी कोण?

गाठोडं बांधायला दिवस गेला. ग्लासगोला बहिणीकडे निघाली तेव्हा दिवस बुडत होता. फिनलाच्या कबरीवर डोकं टेकलं. त्याची आवडती ओळ गायली. शेजारची मोकळी जागा हाताने साफ केली, उगाचच.

ती फाटकातून बाहेर पडली, आणि बादलीचा आवाज थांबला.

वारा थांबला. ओढाही ऐकू येईना...

मागून अगदी कानाशी...

"बेहाक... जाऊ नकोस."

तीस वर्षं या माणसाचे कपडे धुतले होते. त्याने कधी नाव विचारलं नव्हतं.

ती वळली नाही. एवढंच म्हणाली, "पाणी गाळून द्या, लॉर्डसाहेब. फिनलाला गढूळ चालत नाही."

ग्लासगोच्या गर्दीच्या कबरस्तानात तिला पुरलं. तिथे तिच्यामागून कुणीतरी लगेच आलं. तिला फार उभं राहावं लागलं नाही. पण फिनलापासून लांबच राहिली.

गेल्या शरदात मी आर्दानला गेले होते. माणूस कुणी नाही. फाटक गंजलेलं. कबरी मात्र ओल्या... आणि आभाळ कोरडं होतं.

मी परत फिरले, तर मागून कुणीतरी माझं नाव घेतलं.

तिथे मला ओळखणारं कुणी नाही. अजून मी आजारी पडले की घरच्यांना बजावते, आर्दानला नेऊ नका.

तुम्ही एक करा. संध्याकाळी देवाची स्तोत्रं म्हणाल, तेव्हा बेहाकची आठवण ठेवा. फिनलाच्या ओळीला झील धरणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

लॉर्डची आठवण काढू नका. त्याला पाणी भरायचंय.