तिसरी रेघ

वही देऊन यायची, एवढंच काम होतं. जरा जवळ बसा. पंखा बंदच राहू द्या, त्याच्या घरघरीत मला दुसरंच काहीतरी ऐकू येतं.

माझा योगीराज गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात कंप्युटर सांभाळायचा. हळ्ळीखेडपाशी ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली, त्याला सोळा दिवस झाले होते. त्याच्या जागी आलेल्या अनिलकुमारचा फोन आला, "मावशी, योगीराज अण्णाची वही घेऊन येता का? लई अडलंय." मी कमठाण्याहून सकाळच्या गाडीनं निघाले.

वही माझ्या ओळखीची. शाळेचं तोंड मी बघितलेलं नाही, म्हणून पोरगं मला चित्र काढून सांगायचं. "हे बघ माय, ह्या एका लोखंडी डब्याच्या पोटात दहा कंप्युटर राहायलेत. दिसत न्हाईत, पण हायेत. त्यांची सगळी शिदोरी ह्या दुसऱ्या पेटीत. पेटीकडं जायला दोन वाटा. एक तुटली की दुसरीनं जायचं. आतल्यांना पत्ता बी लागत न्हाई." डबा, पेटी आणि मधे दोन रेघा. मी म्हटलं, "बेस केलास. एका वाटेच्या गावात लेक देऊ न्हाई." लई हसला होता.

रोज दुपारी दीडला त्याचा फोन यायचा. "जेवलीस का, माय?" एवढंच विचारायचा. घरात दुसरं कुणी नाही. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं, तर तेवढंच.

त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर वैशाखाचं ऊन, आत पौषातला गारठा. तापलेल्या धुळीचा वास. आणि एकसारखी घरघर, गाढ झोपलेल्या माणसाच्या घशातून येते तशी. बारीक हिरवे दिवे उघडझाप करत होते.

अनिलकुमारच्या हातात एक नारंगी तार होती.

"मावशी, ही दुसरी वाट. खराब झाली म्हणून आठ दिवसांमागं मीच काढली. तरी पडद्यावर ती रोज चालू व्हायलीय. कंप्युटर तिकडं वळतात आन् वाट गायब. वार्डातले कागद उघडेनात. काल एका बाळंतिणीला कोणतं रक्त द्यायचं, ते अर्धा तास कळलं न्हाई."

"जगली का?"

"जगली. उद्याचं सांगता येत न्हाई."

"कधी चालू होते ती वाट?"

"दीडला... बराबर दीडला."

मी पिशवीतली वही काढून त्याच्या हातात दिली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मातीहून परतताना दुसऱ्या वाटेनं यायचं, वळून बघायचं नाही, म्हणजे गेलेलं माणूस मागं येत नाही, अशी आमच्यात रीत. माझा दीर धुळाप्पा म्हणाला, "वहिनी, तळ्याकडनं चला." मी चप्पल राहिली म्हणून सांगितलं आणि एकटीच गेल्या वाटेनं माघारी आले. तीनदा वळून बघितलं. यावा म्हणूनच.

अनिलकुमारनं वही चाळली. "सापडलं. वाटेचं नाव हितं लिहिलंय. हे घातलं की ती कायमची बंद." मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला. "करू का, मावशी?"

"किती वाजले?"

"दीडला दोन मिनिटं कमी..."

तेवढ्यात घरघर थांबली. एक श्वासभरच. माझ्या मानेमागं पेट्रोलचा आणि खोबरेलाचा वास आला. त्याच्या शर्टाला यायचा, तोच. अगदी जवळ, हात मागं केला तर लागेल इतका.

मला वळायचं होतं. किती वळायचं होतं, ते कुणाला कळायचं नाही. पण ती बाळंतीणही कुणाची तरी लेक होती.

"कर बंद," मी म्हटलं. "आन् मला दुसऱ्या दारानं सोड."

वळले नाही. त्यानं नाव घातलं, तशी वही परत मागून पिशवीत टाकली, सकाळी आले त्या हळ्ळीखेडच्या वाटेची गाडी सोडली आणि चिंचोळीकडनं, लांबच्या वाटेनं, अंधार पडायच्या आत घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला फोन वाजला. पाच वेळा वाजेपर्यंत मी नुसती बघत बसले. मग उचलला. अनिलकुमार होता.

"मावशी, सकाळी पहिली वाट बी तुटली. उंदरानं तार कुरतडली."

"मग? सगळं बंद पडलं?"

"न्हाई..." त्याचा आवाज खाली आला. "दोन्ही तारा माझ्या हातात हायेत. आन् कंप्युटर सगळे चालू. वार्डातले कागद उघडायलेत. कुठनं जायलंय हे, मावशी?"

मी फोन ठेवला आणि वही काढली. डबा, पेटी, मधे दोन रेघा. मी अडाणी, पण मला तीन मोजता येतात. तिसरी रेघ पेटीपासून निघून पानाच्या कडेपर्यंत गेली होती. पान उलटलं. पुढच्या पानावर ती तिथूनच सुरू झालेली.

तेव्हापासून दुपारी दीड झाला की ती एक पान पुढं येते. मी ताटं दोन वाढते, आणि दाराला कडी घालून बसते. दोन्ही कामून करते, ते मला विचारू नका.

आज सकाळी मोजली. कोरी पानं दोन उरलीत. आणि माझ्या घराला दार एकच आहे.