मास्तरांचा पाय

भुताच्या गोष्टीला अंधार लागतो, कंदील लागतो, कुत्री रडावी लागतात, असं सांगणारे लोक भुतांना ओळखत नाहीत. ही गोष्ट भर दुपारची आहे. गॅरेजमध्ये इतकं ऊन शिरलं होतं की मांजर गाडीखालच्या सावलीत जाऊन पडलं होतं, आणि कुरकुऱ्या मिस्त्री पुन्हा त्याच गाडीचं चाक काढत होता. तोंडाने काय चाललं होतं ते न लिहिलेलं बरं.

माणूस वाईट नव्हता हो. फक्त जगात सगळं आपल्याला छळायलाच निर्माण झालंय, असं त्याचं ठाम मत होतं. पाऊस आला तरी कुरकुर, नाही आला तरी कुरकुर. नाव तसंच पडलं.

चाक निघालं. मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. हाताला काळं तेल होतं, हे नंतर लक्षात आलं.

"वहिनी! या! या, बघा आपले प्रताप!"

वहिनी दाराशीच उभ्या होत्या. उंच, सडसडीत बाई. त्या चार पावलं पुढे आल्या आणि शांतपणे वाकून बघितलं.

ब्रेकची डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी थाळी. दोन्ही बाजूंनी पॅड तिला चावतात तेव्हा गाडी थांबते. थाळी कशी लख्ख हवी! ही निळी-जांभळी पडली होती, मार खाल्लेल्या पाठीसारखी. मध्ये झिजून खळगा, कडेला नख अडकेल एवढा काठ. आणि ही काही जुनी डिस्क नव्हती. परवा-परवा मिस्त्रीनेच बसवलेली.

"लोक या डिस्कवर वर्षं काढतात वर्षं," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही तिचा तवा केलात. हजारदा सांगितलं, ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवू नका."

"भाऊजी, माझा पाय तिथे नसतोच."

"मग कोणाचा असतो? माझा?"

"पेडल आपोआप खाली जातं."

"आपोआप फक्त केस पिकतात, वहिनी! दूधवाला तुमच्या मागून टेकडी उतरतो, तो काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, तुमच्या वहिनी अख्खा उतार मागचे लाल दिवे लावून उतरतात, मला वाटलं लग्नाची वरात चाललीय."

वहिनींनी फक्त ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटकडे बघितलं. ती नेहमीसारखी पार मागे सरकवलेली होती. मास्तरांचे पाय लांब होते ना!

मास्तर म्हणजे वहिनींचे यजमान आणि मिस्त्रीचा थोरला भाऊ. गाडी चालवायला शिकवायचे. टेकडीवरच्या अर्ध्या वस्तीच्या हातात स्टिअरिंग त्यांनीच दिलं. शेजारच्या सीटवर बसायचे आणि त्यांच्या पायाशी मास्तरांचं म्हणून वेगळं ब्रेकचं पेडल असायचं. शिकाऊ चुकला की यांनी दाबलंच. मागे बाकीचे शिकाऊ आपल्या नंबराची वाट बघत बसायचे, आणि बसल्या बसल्या पट्टा लावलाच पाहिजे, हा मास्तरांचा नियम. एखाद्याचं शिकून झालं की मास्तर डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे. बोलायचे नाहीत. टकटक म्हणजे, तुला जमलं, उतर, पुढचा येऊ दे.

सगळ्या वस्तीसाठी टकटक झाली. बायकोसाठी कधीच नाही. वहिनी कितीही नीट चालवोत, यांचा पाय पेडलवरच. भिता कशाला एवढे, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "बायको एकच आहे." आयुष्यभर नवशिक्यांच्या हातात जीव दिलेला हा माणूस, गेला मात्र घरात, खुर्चीत, चहा थंड होण्याची वाट बघताना.

पहिल्यांदा डिस्क जळली तेव्हा मिस्त्रीला वाटलं, मास्तरांचं जुनं पेडल अडकत असणार. त्याने ते मुळापासून काढलं आणि गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवलं. फेकवलं नाही. भाऊ होता शेवटी.

पेडल भिंतीवर. डिस्क तरीही जांभळी.

"माझं ऐका," मिस्त्री जळकी डिस्क हातोड्याने ठोकत म्हणाला. "तुमच्या पोरीचे दिवस भरलेत. दवाखाना उताराच्या तळाशी. ब्रेक सतत घासला की डिस्क तापते, मग ब्रेकचं तेल उकळतं, आणि मग खरी गरज लागते तेव्हा पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं. गाडी थांबत नाही. शेवटच्या वळणाला कठडा नाही, माहीत आहे ना? म्हणून म्हणतो, त्या दिवशी गाडी मी चालवणार."

"मी चालवणार," वहिनी म्हणाल्या. "माझी लेक आहे."

"तुम्हाला येत नाही!"

"हेच तुमचे दादाही म्हणायचे."

मिस्त्रीने वाद सोडला आणि हातोडा जास्त जोरात चालवला. डिस्क निघाली. मागचा गंज त्याने तारेच्या ब्रशने खरवडला. नव्या डिस्कवरचं तेल पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, नवे पॅड घातले, चाकाचे नट समोरासमोरचे करत आवळले. दुसरी बाजू तशीच. हात चालत होते, तोंडही चालत होतं.

"आता ही नवी आहे. हिला आधी हळूहळू सवय लावायची असते. वरच्या रस्त्याला जा, दोन-चारदा अलगद थांबा, परत या. अलगद! ब्रेकवर उभं राहायचं नाही."

वहिनी गाडी घेऊन गेल्या. मिस्त्री हात पुसत गॅरेजमध्ये एकटा राहिला.

गाडीचा आवाज लांब गेला. ऊन तसंच. शांतता अशी, की मांजर अंग चाटत होतं तेही ऐकू येत होतं. मग मांजर थांबलं. कान टवकारून भिंतीकडे बघायला लागलं.

मिस्त्रीने मान वळवली.

खिळ्यावरचं पेडल खाली दबलं होतं.

लोंबकळलेली वस्तू वाऱ्याने हलते, झुलते. हे झुललं नव्हतं. रबरावर कोणीतरी पाय दिल्यासारखं ते खाली गेलं होतं आणि तसंच... तसंच थांबलं होतं. बाहेर वरच्या रस्त्यावर ब्रेकची बारीक शीळ वाजली. पेडल वर आलं. शीळ थांबली. पुन्हा खाली. पुन्हा शीळ.

"दादा...?" मिस्त्रीच्या तोंडून निघालं. आणि लगेच, स्वभाव तो स्वभावच, "अरे, मेल्यावर तरी पाय उचल की!"

रबराचा वास आला. तापलेल्या रबराचा.

गाडी परत आली. मिस्त्रीने खाली बसून डिस्कवर थुंकी टाकली. चर्र! नुसत्या दोन-चार थांब्यांत.

"बघितलंत?" वहिनी काच खाली करून म्हणाल्या.

मिस्त्रीने तोंड उघडलं, पण त्याच वेळी शेजारच्या घराच्या दारातून पुतणी आली. एक हात भिंतीला, एक पोटाला. चेहरा घामाने भिजलेला.

"आई... आत्ता निघायला हवं. आत्ता."

खालून गाडी मागवावी तर ती चढून यायलाच अर्धी दुपार. मिस्त्रीकडे स्वतःची म्हणाल तर एक खटारा स्कूटर. तो ड्रायव्हरच्या दाराकडे धावला, पण वहिनींनी स्टिअरिंग सोडलं नाही. नुसतं बघितलं. त्या नजरेपुढे मास्तरही कधी टिकले नव्हते, हा काय टिकतो.

"काका, तू मागे ये," पुतणी म्हणाली. "माझा हात धर. पुढे... पुढे कोणी बसू नका."

का, ते कोणी विचारलं नाही.

उतार सुरू झाला आणि ब्रेकची शीळही सुरू झाली. वहिनींचा उजवा पाय मिस्त्रीला मागून स्पष्ट दिसत होता. पेडलच्या बाजूला, हवेत. आणि पेडल खाली दबलेलं. शेजारची सीट रिकामी, आणि त्या सीटपुढच्या पायपुसण्याचे रबरी दाते टाचेएवढ्या जागेत चेपलेले...

पहिल्या वळणाला वास यायला लागला. जळकट, लोखंडी. दुसऱ्या वळणाला पुढच्या चाकातून धूर.

"दादा, पाय काढ!" मिस्त्री ओरडला. "वेड्या, तू वाचवत नाहीयेस, तू मारतोयस तिला! तेल उकळेल! दादा!"

पेडल अजून खाली गेलं. मास्तरांनी धाकट्या भावाचं जिवंतपणी कधी ऐकलं नव्हतं, आता काय ऐकतात.

पुतणी कळ दाबत किंचाळली. समोर ते वळण दिसलं, कठडा नसलेलं. गाडीचा वेग कमी होण्याऐवजी वाढायला लागला होता. डिस्क हरली होती.

वहिनींनी समोरचा रस्ता सोडला नाही. आवाज चढवला नाही. बाजूच्या रिकाम्या सीटला त्या इतकंच म्हणाल्या,

"अहो... मला येतं."

शीळ थांबली.

पेडल हळूच वर आलं. वहिनींनी गिअर खाली घेतला, इंजिन गुरगुरलं, गाडीचा वेग तुटला. डिस्कला वारा लागत होता. दम खाऊन त्यांनी वळणाच्या तोंडाशी स्वतःचा पाय पेडलवर ठेवला, आणि उरलासुरला ब्रेक बरोबर पुरला. चाकं मातीच्या कडेवरून खरखरत गेली आणि रस्त्यावर आली. मिस्त्रीचे डोळे मिटलेले होते. डोळे उघडे ठेवले होते ते फक्त वहिनींनी.

दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिली. नर्स धावत आली, पुतणीला खुर्चीवर घेतलं. "अगदी वेळेवर आणलंत," म्हणाली.

वहिनींनी इंजिन बंद केलं. आणि तेव्हा डॅशबोर्डवर, शेजारच्या बाजूला, कोणीतरी बोटाच्या पेराने वाजवलं.

टक टक.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं, किल्ली काढून मिस्त्रीच्या हातात दिली आणि लेकीच्या मागे आत गेल्या. जाताना चालणं असं होतं, जणू परवाना आजच मिळालाय.

मिस्त्री पायरीवर टेकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुरकुर करायला काही सापडेना.

ते फार वेळ टिकलं नाही. पहारेकऱ्याने शिट्टी मारली.

"ओ मिस्त्री! गाडी दारातून हलवा! आणि त्या आत बसलेल्यांना सांगा, ब्रेकवरचा पाय काढा म्हणावं. मघापासून मागचे दिवे पेटलेत."

"काय कटकट आहे! आत कोणी नाहीये," म्हणत मिस्त्री उठला.

दिवे पेटलेले होते. लालभडक, भर उन्हात.

तो काचेशी वाकला. शेजारची सीट पार मागे, नेहमीसारखी. पण वहिनींची सीट... ती कोणीतरी ओढून स्टिअरिंगला चिकटवली होती. आरसाही खाली वळवलेला, मास्तर एखाद्या फार बुटक्या शिकाऊसाठी वळवून द्यायचे तसा. मिस्त्रीने मागे बघितलं. आत्ता जिथून तो आणि पुतणी उतरले होते, त्या रिकाम्या सीटवरचे सगळे पट्टे नीट ओढून लावलेले होते, नंबराची वाट बघणाऱ्या शिकाऊंनी लावावेत तसे.

मागचे दिवे विझले. पाय अलगद उचलावा तसे.

किल्ली मिस्त्रीच्या मुठीत होती. जमीन सपाट होती. आणि नवख्या माणसाने घाबरत घाबरत क्लच सोडावा, तसा एक आचका देऊन गाडी पुढे सरकली.