तिने बांधलेला शेवटचा गळ

घडलं तसंच सांगतोय. ज्याच्यासोबत घडलं तो सिटी बसचा ड्रायव्हर आहे, आणि त्याला थाप मारायची असती तर त्याने यापेक्षा बरी मारली असती.

रात्र नव्हती. थंडी सरत आलेली, रविवारची भर दुपार. भुताच्या गोष्टीला हे शोभत नाही, पण इलाज नाही.

जागा म्हणजे डोंगरातलं एक तळं. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसतात. हात घातला की लागेल असं वाटतं...

तो गोटा दहा पुरुष खाली असतो.

ड्रायव्हरची बोटं केळ्यांसारखी. नायलॉनच्या बारीक तंगुसाला गळ बांधणं त्याला जन्मात जमलं नाही. ते काम बायकोचं. ती शिवणकाम करायची. तंगुसाला वेढे घ्यायची, थुंकी लावायची, दाताने ओढायची. तिची गाठ सुटत नसे, कापावीच लागे. दर रविवारी दोघं याच काठावर बसत आणि कुणाचा मासा मोठा यावरून भांडत. मासे बहुधा मिळत नसत.

हिवाळ्यात ती हॉस्पिटलात गेली. परत आली नाही.

तिने बांधलेला एकच गळ उरला होता. तंगुसाच्या तुकड्यासकट तो काडेपेटीत, कापसावर ठेवलेला.

ड्रायव्हर तळ्याकडे फिरकेना. शेवटी तिच्याच धाकट्या भावाने त्याला ओढत नेलं. या मेहुण्याची बेकरी आहे. घरात बसून भावोजी पावासारखे फुगत चाललेत, असं त्याचं म्हणणं.

मेहुण्याने बांधलेले गळ पहिल्याच फेकीत सुटून गेले. त्यावर तो पाव खात बसला. ड्रायव्हरने बराच वेळ विचार केला. मग खिशातली काडेपेटी उघडली आणि तो तुकडा काठीच्या दोऱ्याला कसाबसा जोडला. जवळच टाकू, नजरेसमोर राहील.

गळ खाली गेला... दिसत राहिला...

आणि दोन गोट्यांच्या फटीत अडकला.

ओढला. येईना. तोडून टाका, असं मेहुणा म्हणाला. ड्रायव्हरने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा पावाकडे वळला.

मग ड्रायव्हरने बूट काढले.

दोघांनाही पोहता येत नाही. ड्रायव्हर काठी धरून गुडघाभर पाण्यात पोचला, तेव्हा मेहुण्याने मागून त्याची कॉलर पकडली.

"भावोजी, पुढे कडा आहे. दिसतंय तेवढं उथळ नाहीये ते."

"गळ दिसतोय मला."

"ताई नाहीये तिथे. ती हॉस्पिटलात गेली. तुम्हीच होतात ना जवळ?"

"आज रविवार आहे," ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. "रविवारी ती दुसरीकडे कुठे असणार?"

तेवढ्यात पाखरं गप्प झाली.

काठी थरथरली...

माशाचा हिसका वेगळा असतो. हे सावकाश होतं. खाली कुणीतरी खटपट करत असावं तसं.

दोघांनी वाकून पाहिलं. पाणी काचेसारखं. मासा नाही. शेवाळ नाही.

पण गळापाशी तंगूस आपोआप फिरत होता.

एक वेढा सुटला...

मग दुसरा...

कुणालाच घाई नव्हती.

मग काठी हलकी झाली. तंगूस वर आला. गळ खाली फटीत चमकत राहिला.

तंगूस तुटला नव्हता. टोक होतं तसंच होतं. फक्त जिथे गाठ होती, तिथे बारीक वळ्या पडलेल्या.

मेहुण्याने त्या वळ्यांवरून बोट फिरवलं आणि तोंडातला पाव तसाच ठेवून तो रडायला लागला. ड्रायव्हर बाहेर आला. त्याने डावा बूट उजव्या पायात घातला आणि तसाच गाडीपर्यंत चालत गेला.

आता तो पुन्हा बस चालवतो. ताईने भावोजींना वाचवलं, असं मेहुणा गिऱ्हाइकांना सांगतो. ड्रायव्हर मान डोलावतो. पण शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी झाली की इंजिन बंद करून तो तसाच बसून राहतो. कंडक्टर चहाला हाक मारतो, तीही त्याला ऐकू येत नाही.

मेहुण्याने एकदा खोदून खोदून विचारलं.



"मी वर उभा आहे, हे तिला दिसत होतं," ड्रायव्हर म्हणाला. "तरी तिने सोडून दिलं.

"एकदा मला ओढून तरी बघायचं होतं."