पिवळं पडलेलं मीडियम

मायक्रोस्कोपच्या खोलीत दिवा लावायचा नसतो. त्यामुळे आमची पहिली भेट अशी झाली, की मी दार ढकललं, आत शिरले आणि थेट कुणाच्या तरी पायावर पाय दिला.

"पाय माझा आहे," अंधारातून आवाज आला. "आणि ही वेळही माझीच आहे... बहुतेक."

वेळ माझी होती. तो वरच्या मजल्यावर स्निग्ध पदार्थांवर काम करायचा. अख्खी इमारत त्याला तेलवाला म्हणायची. कसलेसे थेंब बघायला आला होता. तो उठेपर्यंत मी माझी डिश भिंगाखाली सरकवली, आणि पडद्याकडे बघत तो उठायचंच विसरला.

"ते हिरवे ठिपके कसले?"

मी सांगितलं. आपल्या रक्तात मारक पेशी असतात. त्यांच्या पोटात विषाचे दाणे असतात, ते मी हिरवे रंगवले होते. कर्करोगाची पेशी भेटली, की मारक पेशीने तिला बिलगायचं आणि सगळे दाणे त्या बाजूला आणून तिच्यात ओतायचे. माझ्या पेशी बिलगत होत्या. दाणे मात्र मागच्या मागे, ढिम्म.

"इतक्या जवळ जाऊन गप्प बसायचं..." तो हळूच म्हणाला. "समजू शकतो मी."

अंधार होता म्हणून बरं. माझे कान तापले होते.

मग तेलवाल्याला रोज काहीतरी कारण सापडू लागलं. कधी पिपेट हवं, कधी चहाला सोबत हवी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. चहा पिताना मी त्याला आत्याबद्दल सांगितलं. आत्याने मला वाढवलं आणि कर्करोगाने ती गेली. तिच्या अंगातल्या या रखवालदार पेशी तेव्हा काय झोपा काढत होत्या? या एका प्रश्नापायी मी इथे आले होते. आणि आता आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सांगून टाकलं होतं, की शुक्रवारपर्यंत काही दिसलं नाही तर हे काम बंद. काम बंद म्हणजे मी घरी परत. तेलवाल्याने कप खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

बुधवारी दाढेने जीव नकोसा केला, म्हणून मी सुट्टी घेतली. गुरुवारी दुपारी कर्करोगाच्या पेशींच्या डिशमध्ये मारक पेशी सोडल्या आणि आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो.

एक मारक पेशी सरकत आली... बिलगली. आणि हिरवे ठिपके हलले! सगळेच्या सगळे त्या बाजूला धावले. कर्करोगाच्या पेशीवर बुडबुडे आले आणि ती आकसत गेली. माझ्या अंगावर काटा आला. मी त्याचा हात कधी धरला, कुणास ठाऊक.

"मॅडमना बोलावते."

"थांब." त्याचा हात गार पडला होता. "काल तू नव्हतीस. डिशमधलं मीडियम पिवळं पडलं होतं. आमच्याकडे असं राहिलं तर ओरडा बसतो. वाटलं, तू विसरलीस... मी धुऊन नवं घातलं."

मी हात सोडवून घेतला. मीडियम म्हणजे पेशी ज्या पोषक पाण्यात वाढतात ते, आणि ते पिवळं पडलेलं मी मुद्दाम ठेवत होते. शरीरातली गाठ आपल्याच पाण्यात राहते, तशीच डिशमध्ये राहावी म्हणून. त्याने माझा सगळा प्रयोगच धुऊन काढला होता.

"गप्प बसला असतास तर मला कळलंही नसतं," मी रडवेली होऊन म्हणाले.

"नसतं कळलं. पण तू मॅडमना खोटं सांगितलं असतंस, आणि तेही माझ्यामुळे. तू गेलीस तरी चालेल... नाही, चालणार नाही. पण असं नको."

मी डोळे पुसले. "जुनं कुठे ओतलंस?"

"ओतलं नाही. आम्ही काहीच टाकत नाही. फ्रीजमध्ये आहे."

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. पेशी त्याच होत्या. बदललं होतं फक्त ते पिवळं पाणी.

शुक्रवारी सकाळी त्याने त्या पाण्याचे दोन भाग केले आणि एकातले स्निग्ध पदार्थ काढून टाकले. स्निग्ध पदार्थ काढलेल्या पाण्यात मारक पेशी बेधडक तुटून पडल्या. न काढलेल्या पाण्यात पुन्हा त्या बिलगल्या आणि गप्प. म्हणजे कर्करोगाच्या पेशी पाण्यात इवलासा स्निग्ध पदार्थ सोडत होत्या. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात, तसलाच. तो मारक पेशीला चिकटला, की तिला निरोप मिळायचा: थांब. बिचारी थांबायची. विष पोटात तसंच.

मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. आत्याच्या पेशीही अशाच असतील का? झोपलेल्या नाहीत, भित्र्याही नाहीत... कुणीतरी थांबवलेल्या. एवढ्याशा थेंबात एवढी ताकद बघून मला भीतीही वाटली आणि हात जोडावेसेही वाटले.

मॅडमनी दोन्ही डिश दोनदा बघितल्या. एका प्रयोगावर नाचू नका, म्हणाल्या. पुन्हा करा, दोघं मिळून करा. काम चालू राहील.

त्या गेल्यावर दार लागलं आणि पुन्हा अंधार झाला.

"यापुढे मीडियम बदलायच्या आधी विचारत जा," मी म्हणाले.

"विचारेन. आणि... दुसरं काही विचारायचं असेल तर?"

"तुला कोण थांबवतंय?"

तो खुर्ची सरकवून जवळ आला. मग त्याने विचारलं, अगदी सरळ शब्दांत. मी हो म्हणाले. पडद्यावर हिरवे ठिपके धावतच होते, आणि या वेळी त्याचा हात गार नव्हता.