कोविल विचारू नका

"अण्णा, दार उघडा! आत कुणी आहे की नाही?"

उमैयाळने कडी पुन्हा वाजवली. कानाडुकातानची आम्हा चेट्टियार व्यापाऱ्यांची घरं अशी, की पुढचं दार या गल्लीत आणि मागचं पलीकडच्या गल्लीत. मागच्या स्वयंपाकघरातल्या माणसाला हाक ऐकू जाऊन तो पुढच्या दारी येईपर्यंत बाहेरच्याने कंटाळून निघून जावं. त्यात उमैयाळ मुळातच उतावळी. ही पायाला भिंगरी लावूनच जन्मली, असं तिची अम्मा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

दार उघडलं. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात ओलं फडकं घेतलेला एक उंच तरुण समोर होता. कमरेला घराच्या किल्ल्यांचा जुडगा.

"आच्ची झोपल्यात," तो म्हणाला. "आणि मधे पाय ठेवू नका, ती फरशी—"

उमैयाळचा पाय मधेच पडला होता.

"—आत्ताच बसवलीय," त्याने वाक्य पुरं केलं, खाली पाहिलं आणि हसला. "म्हणजे, बसवली होती."

"अय्यो! सॉरी अण्णा! परत बसवता येईल ना?"

"येईल की. मला अण्णा म्हणायचं बंद केलंत, तर उद्या सकाळपर्यंत होईल."

एवढं बोलून तो फरशी उचकटायला बसला. पोरीचे कान तापले. 

ती आली होती किल्ली न्यायला. थोरल्या भावाचं, चोक्कलिंगमचं लग्न ठरलं होतं, आणि ते कोत्तमंगलमच्या मूळ घरीच लागायला हवं होतं. पण ते घर वर्षभर बंद. भाऊबंदांच्या प्रत्येक कुटुंबाची त्यात एक खोली, प्रत्येक खोलीला ज्याचं त्याचं कुलूप, आणि किल्ल्या गावोगावच्या नातेवाइकांकडे. अप्पच्चींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गाडीची चावी तिच्या हातात दिली आणि सांगितलं, "तूच फिर बाई. नाहीतरी तू घरात बसणार नाहीस."

आच्ची, म्हणजे घरच्या आजी, उठल्या. त्यांनी किल्ली दिली, वर मूठभर सल्ले दिले आणि त्या तरुणाकडे बोट केलं. "हा कदिरेसन. याला पळ्ळत्तूरला जायचंय. गाडीत घे. तिथल्या गल्ल्या तुला कळायच्या नाहीत."

नाव कदिरेसन, गाव आत्तंगुडी, कमरेला आच्चींच्या किल्ल्या. वाटेत त्याने सांगितलं की आत्तंगुडीला त्यांचा फरशांचा कारखाना आहे, मोठ्या घरांतल्या फुटलेल्या फरशा पाहून तो तशाच नव्या करून देतो. हल्ली आम्हा चेट्टियारांची शिकलेली पोरं शहरातल्या नोकऱ्या सोडून गावी येतात. कुणी घराचं हॉटेल करतं, कुणी कारखाना काढतं. हाही त्यातलाच, असं उमैयाळने परस्पर ठरवून टाकलं. विचारायचं तिला सुचलंच नाही.

"तुम्ही गाडी चालवता की पळवता?" त्याने विचारलं.

"का? भीती वाटते?"

"मला नाही." मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला फरशीचा नमुना त्याने दोन्ही हातांनी धरला. "हिला वाटते."

"तिला सांगा, मला फक्त ओल्या फरशा मोडता येतात."

तो मोठ्याने हसला. उमैयाळने गाडी हळू केली. आजवर तिने कुणासाठी ती हळू केली नव्हती.

पळ्ळत्तूरच्या घरी किल्ली होती, पण ती ज्या कपाटात होती त्याची चावी सून घेऊन गेली होती. उद्या या. तिथल्या आच्चींनी दोघांना बसवलं, समोर कॉफी ठेवली, तांदळाचे पांढरे पणियारम ठेवले आणि कदिरेसनकडे निरखून पाहिलं.

"तम्बी, गाव कुठलं?"

"आत्तंगुडी, आच्ची."

"असं होय! आणि कोविल कुठलं—"

धडाम! उमैयाळच्या हातातला कॉफीचा पेला फरशीवर, कॉफी आच्चींच्या साडीवर, आणि मग एकच धावपळ.

हे समजायला आमच्यातली एक गोष्ट ठाऊक हवी. कोविल म्हणजे देऊळ. आमची देवळं नऊ. प्रत्येक घर त्यातल्या एका कोविलाचं. ज्यांचं कोविल एक, ती मुलं भाऊ-बहीण. रक्ताचं नातं नसो, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसो, भाऊ-बहीण म्हणजे भाऊ-बहीण. तिथे मन लावायचं नाही आणि लागलंच असेल तर गुपचूप काढून घ्यायचं. म्हणून आमच्या म्हाताऱ्या नाव विचारायच्या आधी कोविल विचारतात. उमैयाळचं कोविल वैरवन. त्याचंही वैरवनच निघालं तर? दारातच आपण त्याला अण्णा, म्हणजे दादा, म्हटलं होतं!  जोवर कुणी विचारत नाही, तोवर तो तिचा कुणी भाऊ नव्हता. आणि तिला तो भाऊ व्हायला नकोच होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पळ्ळत्तूर, पुन्हा वाटाड्या कदिरेसन. आच्चींना कालचा प्रश्न आठवायच्या आत उमैयाळने किल्ली घेतली आणि कदिरेसनला हाताला धरून बाहेर ओढलं.

"आग लागलीय का?" तो चपला शोधत म्हणाला.

"उशीर होतोय!"

"कशाला?"

"कशाला म्हणजे... सगळ्यालाच!"

हात मात्र तिने गाडीपर्यंत सोडला नाही. त्यानेही सोडवून घेतला नाही. गाडीत बसताना "तुम्ही"चं "तू" झालेलं होतं, ते कुणी आधी केलं यावरून दोघांचं भांडण झालं आणि त्यात रायवरमचा फाटा मागे पडला.

रायवरमला तिचे एक पेरियप्पा राहायचे, वडिलांचे थोरले चुलतभाऊ. ते फुगून बसले होते. लग्नाचं आमंत्रण कुरियरने पाठवलं, घरचं माणूस आलं नाही, मग किल्ली कशाला हवी? तीही कुरियरनेच पाठवतो. उमैयाळने पाया पडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. पेरियप्पा हलेनात. मग त्यांची नजर कदिरेसनवर गेली.

"हा कोण? तम्बी, कुठलं रे तुझं कोवि—"

उमैयाळ उडी मारायच्या बेतात होती. पण या वेळी कदिरेसनच मधे पडला.

"अय्या, तो वरचा कोपरा गळतो का हो?"

झालं. म्हाताऱ्याचं दुखणं नेमकं तिथे होतं. पेरियप्पा छताच्या विषयावर घसरले. कौलं कशी महागली, गवंडी कसे फसवतात, पोरं सिंगापूरला बसून कशी नुसते फोटो मागवतात. कदिरेसन मान हलवत राहिला. तासाभराने पेरियप्पांनी डोळे पुसले, किल्ली स्वतःहून काढून दिली आणि वर म्हणाले, "पोरगा चांगला आहे. ऐकून घेतो."

दोघं गाडीत बसली. बाहेर पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती.

"मधेच छताचं का काढलंस?" उमैयाळने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"तू काल कॉफी का सांडलीस?"

"हात निसटला."

"माझी जीभ निसटली."

तिने चोरून बाजूला पाहिलं. तोही चोरूनच पाहत होता. म्हणजे यालाही भीती वाटते! म्हणजे यालाही... तिच्या छातीत असं काही धडधडलं, की वायपर चालू करायला गेली आणि हॉर्न वाजवला.

आत्तंगुडीच्या फाट्यावर ती त्याला रोज सोडायची. घरापर्यंत ये, असं तो कधी म्हणाला नाही आणि तिने विचारलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी जेवताना अम्मा म्हणाली, "चोक्कूचं आटोपलं की तुझं. देवकोट्टईचं एक स्थळ आहे, कोविलही वेगळं आहे." उमैयाळने पान तसंच सोडलं. ओसरीवर गेली, परत आली, झोपाळ्यावर बसली, उठली. अम्माने विचारलं, मुंग्या चावल्या का? मुंग्याच बऱ्या, त्या झटकता तरी येतात. या तीन दिवसांत कदिरेसन तिला हवासा झाला होता, अगदी उघड, लाज वाटावी इतका, आणि एका शब्दाने तो कायमचा हातचा जाणार होता. आणखी एक दिवस असं न विचारता काढणं तिच्याच्याने होणार नव्हतं.

शेवटची किल्ली अरियक्कुडीला होती. घर उघडं होतं, पण राखणदार किल्ली आणायला मालकाच्या दुसऱ्या घरी गेला होता. तो येईपर्यंत दोघंच. आता पाऊस चांगला लागला होता. छतांवरचं पाणी पितळी पन्हळींतून चौकात धो धो पडत होतं. बर्माच्या सागाचे काळे खांब, आणि एका खांबाला टेकून कदिरेसन. उमैयाळ चौकाभोवती फेऱ्या घालत होती.

"बस की जरा," तो म्हणाला. "खांब पळून जात नाहीत."

"कदिरेसन, मला एक विचारायचंय."

त्याचं हसू ओसरलं. "नको विचारूस."

"विचारलंच पाहिजे. मला जेवण जात नाही." ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "तुझं कोविल कुठलं?"

पन्हळींचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

"कुठलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला मारियम्मनचं देऊळ आहे. चालेल?" त्याने हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "मी चेट्टियार नाही, उमै. आजोबा फरशा पाडायचे, अप्पा पाडतात, मी पाडतो. तुमच्या नऊ देवळांत आमचं नाव कुठेच नाही."

 आणि उमैयाळ... हसायलाच लागली. "म्हणजे तू माझा भाऊ नाहीस!"

"नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"अरे देवा, आणि मी त्या आच्चींची साडी खराब केली!" हसता हसता तिला कळलं, की आपण कशावर हसतोय.  एकच कोविल निघालं असतं, तर रडून मोकळं होता आलं असतं. इथे तर भाऊ-बहीण म्हणून अडवणारं कोविल नव्हतं, अडवणार होती ती जात. घरच्यांसमोर उभं राहायचं होतं, तेही तिनेच.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? खोटं मी एक अक्षर बोललो नाही." तो जमिनीकडे पाहत राहिला. "पहिल्या दिवशीच कळलं होतं मला, तू मला तुमच्यातला समजतेस ते. सांगायला हवं होतं. पण... त्या घरांत मी मागच्या दाराने जातो, उमै. तुझ्याबरोबर पुढच्या दाराने गेलो. तुझ्या शेजारी बसलो. वाटलं, कुणी विचारेपर्यंत तरी बसू दे."

"आणि मग? किल्ल्या संपल्या की?"

"मग फाट्यावर उतरलो असतो. रोजच्यासारखा."

"आवडते मी तुला?"

"हे पण विचारायचं असतं?"

"मला आज सगळं विचारायचंय!"

"आवडतेस," तो म्हणाला. "फरशी मोडलीस तेव्हापासून."

राखणदार छत्री मिटत आत आला. किल्ली मिळाली.

परतीच्या वाटेवर पाऊस चालूच होता. आत्तंगुडीचा फाटा दिसायला लागला तसा कदिरेसनने मांडीवरचा नमुना उचलला. फाटा आला. फाटा गेला.

"उमै, फाटा मागे राहिला."

"दिसला मला."

"घरात लग्न आहे तुमच्या. आज नको. नंतर कधीतरी—"

"नंतर अम्माचं देवकोट्टईचं स्थळ येईल. मला थांबता येत नाही, तुला ठाऊक आहे."

कोत्तमंगलमच्या घरासमोर मांडव उभा राहत होता. अप्पच्ची ओसरीवर उभे राहून मांडववाल्यांवर ओरडत होते. मुलगी उतरली, मागून अनोळखी तरुण उतरला, तसे ते थांबले. किल्ल्या हातात घेत त्यांनी सवयीने विचारलं, "या तम्बी. गाव कुठलं? कोविल कुठलं?"

उमैयाळच्या हातांना सवयीने काहीतरी पाडावंसं वाटलं. तिने ते पाठीमागे घट्ट धरले.

"आत्तंगुडी, अय्या," कदिरेसन म्हणाला. "कोविल नाही. फरशा करतो."

"मग मालाची गाडी का नाही आणली? फरशा—"

"फरशांसाठी नाही आणलं याला, अप्पच्ची," उमैयाळ म्हणाली.  "माझं याच्यावर प्रेम आहे. लग्न करीन तर याच्याशी."

 अप्पच्ची वळले आणि आत निघून गेले. दोघं पावसात तिथेच उभी. मांडववाले दोर धरून बघत राहिले. उमैयाळ ना आत गेली, ना गाडीत बसली. उभी राहिली नुसती.

बऱ्याच वेळाने अप्पच्ची बाहेर आले. डोळे लाल होते.

"चोक्कूच्या लग्नाला दोन्हीकडच्या कोविलांतून हार येतील," ते म्हणाले. "हार आल्याशिवाय आपल्यात लग्न लागत नाही. तुझ्या लग्नाला एकही यायचा नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, अप्पच्ची."

"आपली माणसं जेवायला येणार नाहीत."

"ठाऊक आहे."

ते कदिरेसनकडे वळले. "आणि हे सगळं कळून तुम्ही इथे आलात?"

"मी फाट्यावर उतरत होतो, अय्या. हिने गाडी थांबवली नाही."

"ती कुठे थांबलीय आजवर," अप्पच्ची पुटपुटले. मग भिजलेल्या लेकीकडे पाहत राहिले, आणि त्यांचाच आवाज फुटला. "आत या दोघं. अम्माला तूच सांग, माझ्यात तेवढं बळ नाही. आणि... हार काय, मदुरैहून मागवू. तिथला मोगरा चांगला असतो."

उमैयाळ पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली.