तारांवरचा हात

अँप्लिफायरची भुणभुण घालवणं हा माझा धंदा आहे आणि मला त्याचा मनापासून कंटाळा आलाय. लोकांना गिटार कानठळ्या बसतील अशी हवी, पण वाजवणं थांबलं की शांतता मात्र वाचनालयासारखी हवी. अरे, गेन, म्हणजे तारेतून येणारा आवाज वाढवायचं बटण, एवढं चढवलात तर तारेतला सगळा कचराही मोठा होऊनच बाहेर येणार! हे मी रोज कुणाला तरी सांगतो. समोरचा मान डोलावतो आणि जाताना विचारतो, "पण जाईल ना?"

त्या दुपारी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात माझा भाचा आला. घरात त्याला बारक्या म्हणतात. दारातून वाकून आत येतो, तरी बारक्याच. अँप त्यानं टेबलावर आदळला आणि गिटार स्टँडला लावली.

"मामा, हमिंग जात नाहीये. परवा रेकॉर्डिंग आहे. काहीतरी कर ना."

तो यायच्या आधीच ताईचा फोन येऊन गेला होता. "अँपचं नंतर बघ, आधी त्याच्याकडे बघ," ती म्हणाली होती. "जेवतो, बोलतो, वेळेवर घरी येतो. पण घरात कुणी आहे असं वाटतच नाही बघ."

मी म्हटलं, "पोरं मोठी झाली की असंच वाटतं, ताई."

तिनं लगेच फोन ठेवला. एरवी ताईचा फोन असा लवकर संपत नाही.

अँपचा प्लग हातात घेतला आणि माझं डोकंच फिरलं. अर्थिंगची पिन कापलेली. भुणभुण घालवायचा हा नामी उपाय पोरं एकमेकांना कौतुकानं शिकवतात.

"जीव वर आलाय का तुझा?"

"पण गेली होती ना मामा! एकदम गेली होती. मग प्रॅक्टिसला गाता गाता ओठ माइकला लागले, हात तारांवर होता. झटका बसला जोरात. त्यानंतर परत सुरू झाली, आधीपेक्षा मोठी."

"झटका बसला? आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"काही झालं नाही रे. खाली पडलो होतो म्हणे. उठलो आणि गाणं पुरं केलं."

मी चार शिव्या हासडल्या, दोन मनात आणि दोन मोठ्यानं. नवा प्लग बसवला. आतले दोन कपॅसिटर फुगले होते, ते बदलले. वायरी लाकडी काडीनं एकमेकींपासून दूर सारल्या. मोठी घरघर गेली. उरली ती गिटारमधून येणारी बारीक भुणभुण. तिचं मी मनावर घेत नाही. तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात. माणसाचा हात तारांना लागला की ती आपोआप दबते. कुणाचाही हात चालतो.

"ठेव हात."

त्यानं ठेवला. भुणभुण होती तशीच.

"नीट ठेव की!"

"ठेवलाय!" पाचही बोटं तारांवर सपाट होती.

मी माझा हात ठेवला. भुणभुण दबली. काढला, परत आली. त्यानं ठेवला, काही फरक नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. वाजवायचा थांबला की सगळ्यात जाड तारेवर अंगठ्यानं दोनदा टकटक करायची बारक्याची लहानपणापासूनची खोड. ताई त्यावरून ओरडून ओरडून थकली. आज त्यानं ती केली नव्हती.

अंगातून वीज वाहते का ते दाखवणारा मीटर मी काढला. दोन्ही टोकं माझ्या चिमटीत धरली, आकडा आला. त्याच्या हातात दिली. नीट बघितलं, पुन्हा बघितलं. टोकं हवेत धरल्यावर मीटर जे दाखवतो, तेच दाखवत होता. त्याला बेसिनवर हात ओले करून यायला सांगितलं. तरी तेच.

"मेलो वाटतं मी!" तो हसला.

मला हसू आलं नाही. मी त्याचं मनगट धरलं. उबदार होतं, नाडी लागत होती. मग घाबरायचं कशाला? पण मी घाबरलो होतो. या पोराला मी खांद्यावर घेऊन फिरवलंय.

"तुझ्या गिटारच्या पेडलची बॅटरी संपलीय," मी म्हटलं. "समोरून घेऊन ये." संपली नव्हती. मला जरा श्वास घ्यायचा होता.

तो गेला. काचेच्या दारातून मला दिसत होता, रस्त्यापलीकडच्या दुकानात, माझ्याकडे पाठ करून उभा. गिटार स्टँडवर. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर. अँप भुणभुणत होता.

भुणभुण दबली.

मी वायर तपासली. घट्ट होती. गेन होता तिथेच होता.

स्पीकरमधून आवाज आला. जाड तारेचा. टक टक.

माझ्या दुकानात कुणी नसताना मी म्हटलं, "बारक्या?"

टक टक.

"हात काढ बरं."

भुणभुण वर आली.

"ठेव."

दबली.

रस्त्यापलीकडे बारक्यानं बॅटरी खिशात टाकली आणि तो वळला.

दार उघडलं. "वा मामा! गेली की सगळी!" किती खूश झाला होता. "मानलं तुला. चल, बंद कर, निघू."

माझा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. स्पीकरमध्ये टकटक सुरू झाली, घाईघाईनं, न थांबता. बारक्यानं वळूनही बघितलं नाही. त्याला ती ऐकू येत नव्हती.

फोन वाजला. ताई.

"झालं का रे काम?"

"झालं."

"मग त्याला घेऊन ये आता घरी," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "मी जेवायची थांबलेय."

मी बारक्याकडे बघितलं. तो दारात उभा होता, दोन्ही हात खिशात घालून, मला लवकर चल म्हणून खुणावत.

भुणभुण अजून दबलेलीच होती.